क्रफ्ट्सला जाऊन आलो: जिलबी, आई आणि कॅव्हेलियरची रिंग

मार्चमध्ये बर्मिंगहॅमला क्रफ्ट्सला, म्हणजे इथल्या मोठ्या डॉग शोला, जाऊन आलो तेव्हापासून इथल्या मंडळातल्या तिघीचौघींनी विचारून झालंय की कसं असतं, कुत्रं न्यायला काय लागतं, नुसतं बघायला गेलं तर चालतं का. प्रत्येकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. थोडं लांबेल.

आमची जिलबी म्हणजे कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, रंग ब्लेनहाइम, पांढऱ्यावर तांबूस-केशरी डाग, म्हणून जिलबी. कागदावरचं नाव पाच शब्दांचं आहे, ते आई वाचून म्हणाली की हा तर पत्ता वाटतोय. आम्ही तिला घरात बागडायलाच आणलेली, शो वगैरे डोक्यातही नव्हतं. पण आमच्या ब्रीडर बाई (सत्तरी ओलांडलेल्या, अर्धं आयुष्य यातच गेलेलं) सहा महिन्यांनी तिला बघायला आल्या आणि म्हणाल्या, हिची पाठ बघ, सरळ आहे, एकदा रिंगमध्ये घेऊन तर बघ. मग दर बुधवारी गावातल्या हॉलमध्ये रिंगक्राफ्टचा क्लास. तिथे कुत्र्याला टेबलवर शांत उभं राहायला आणि अनोळखी माणसाला दात दाखवायला शिकवतात. खरं तर शिकत होते मी, जिलबीला दोन आठवड्यांत जमलं होतं. पुढे एका चॅम्पियनशिप शोमध्ये ज्युनिअर क्लासला (क्लास म्हणजे वय-अनुभवाप्रमाणे पाडलेला स्पर्धेचा गट) तिसरा नंबर आला आणि क्रफ्ट्सची पात्रता मिळाली. हे आधीच सांगते, कारण क्रफ्ट्सला असंच उठून कुत्रं नेता येत नाही, पात्रता लागते, आणि एन्ट्री जानेवारीतच बंद होतात. बघायला जाणाऱ्यांनी आपलं कुत्रं घरीच ठेवायचं, दारावरून परत पाठवतात.

जायच्या आदल्या दिवशी आंघोळ. कॅव्हेलियरची गंमत अशी की याला कात्री लावायचीच नाही, ब्रीडच्या स्टँडर्डमध्येच, म्हणजे ती जात कशी असावी याच्या लेखी वर्णनातच, तसं आहे. पूडलवाल्यांचं बघा, तासन् तास कातरकाम. आपल्याकडे फक्त धुवायचं, विंचरायचं, आणि केस सपाट बसावेत म्हणून वाळेपर्यंत टॉवेलचा कोट बांधून ठेवायचा. पायाच्या बोटांमधून जे लांब केस येतात त्यांना इथे स्लिपर्स म्हणतात, तेही तसेच ठेवायचे. आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलीय, ती कात्री घेऊन तयारच होती, अगं घसरेल ती, एवढे केस पायाला. म्हटलं आई, ती तिची चप्पल आहे, हात लावू नकोस. नखं मात्र कापायची, वेळच्या वेळी.

कॉव्हेंट्रीहून एनईसी (शो भरतो ते प्रदर्शन केंद्र) गाडीने पंचवीस मिनिटं, तरी आम्ही पावणेसहाला निघालो आणि तो निर्णय बरोबर ठरला. पार्किंग आधी ऑनलाइन बुक करा. कार पार्कपासून हॉलपर्यंत बस असते, पण पिंजरा, पांघरूण, घडीची खुर्ची, डबा एवढं सगळं असेल तर चाकांची ट्रॉली हवीच, आमच्याकडे नव्हती आणि यांचा खांदा दोन दिवस धरला होता. नुसतं बघायला येणाऱ्यांनी सरळ ट्रेन घ्या, बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्टेशनातून झाकलेल्या पुलावरून चालत थेट आत. लंडन यूस्टनहून सव्वा तासाच्या आसपास लागतो.

आत गेल्यावर प्रत्येक कुत्र्याला नंबराचा कप्पा, त्याला बेंच म्हणतात. टॉय, म्हणजे छोट्या ब्रीडचे कप्पे पिंजऱ्यासारखे. क्रफ्ट्स अजूनही बेंच्ड शो आहे, म्हणजे तुमचा क्लास दहा मिनिटांत आटोपला तरी कुत्र्याने दिवसभर तिथेच राहायचं, लोक येऊन बघतात, गप्पा मारतात. कुत्रं बाहेर न्यायचा पास जपा, मी तो डब्याच्या पिशवीत टाकला आणि संध्याकाळी गेटवर सगळी पिशवी उपसत बसले, पोळीच्या फॉइलखाली सापडला.

दुपारपर्यंत आईने आजूबाजूच्या सगळ्या बेंचवाल्यांशी दोस्ती केली होती. इंग्लिश जेमतेम, पण कुत्र्यांच्या बाबतीत भाषा लागत नाही बहुतेक. एका शेजारणीने तिला तिच्या कुत्रीच्या कपाळावरचा तांबूस ठिपका दाखवला. ब्लेनहाइममध्ये डोक्याच्या बरोबर मध्यावर असा ठिपका असला की फार कौतुक. त्याची दंतकथा अशी की १७०४ च्या ब्लेनहाइमच्या लढाईवर नवरा गेलेला असताना मार्लबरोची डचेस सारा काळजीने आपल्या गाभण कुत्रीच्या डोक्यावर अंगठा दाबत बसायची, पिल्लं झाली ती कपाळावर अंगठ्याचा ठसा घेऊनच. आईला हे लगेच पटलं. जिलबीला टिकली नाहीये याचं तिला त्या दिवसापासून वाईट वाटतंय. नसली तरी काही अडत नाही, उगाच कोणी टिकलीसाठी पिल्लाचे जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

आणि हे ठिकाण कॅव्हेलियरवाल्यांना पंढरीसारखं का, तेही सांगते. चार्ल्स दुसरा या राजाच्या काळच्या चित्रांत जे लांब तोंडाचे छोटे स्पॅनियल दिसतात, ते विसाव्या शतकापर्यंत जवळपास संपले होते, फॅशन बदलली आणि चपट्या नाकाचे, घुमटासारख्या डोक्याचे किंग चार्ल्स आले. रॉसवेल एल्ड्रिज नावाचा एक अमेरिकन जुन्या चित्रांतली कुत्री शोधत इंग्लंडला आला, सापडेनात. मग त्याने १९२६ च्या क्रफ्ट्समध्ये बक्षीस लावलं, चित्रात आहेत तसे लांब तोंडाचे, सपाट डोक्याचे ब्लेनहाइम आणा, उत्तम नराला २५ पौंड आणि उत्तम मादीला २५. तेव्हाचे २५ पौंड म्हणजे बरीच मोठी रक्कम. १९२८ ला क्लब निघाला आणि त्याच वर्षी क्रफ्ट्सच्या दुसऱ्या दिवशी अॅन्स सन नावाचं कुत्रं समोर ठेवून स्टँडर्ड लिहून काढलं. केनेल क्लबने (इथे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) वेगळी ब्रीड म्हणून मान्यता दिली ती १९४५ ला. म्हणजे चित्रं बघून जज लोकांनी बक्षिसं देत देत परत घडवलेलं कुत्रं आहे हे. जज कशाला बक्षीस देतो याला कॅव्हेलियरमध्ये जरा जास्तच अर्थ आहे तो यामुळे.

आता रिंग. हिरवा गालिचा, कडेने खुर्च्या, लवकर गेलात तरच बसायला मिळेल. आधी सगळ्या नरांचे क्लास, मग माद्यांचे. इंग्लिशमध्ये मादीला शोमध्ये बिचच म्हणतात, कागदोपत्री, लाउडस्पीकरवरसुद्धा. बेस्ट बिच अशी घोषणा झाल्यावर आईने माझ्याकडे असं पाहिलं की मीच काही बोलले. आई-बाबांना आधी सांगून ठेवा.

आमच्या क्लासला वीसएक जणी होत्या. आधी सगळ्यांना एक फेरी, मग एकेकीला टेबलवर. जज आधी हात लावतच नाहीत, दोन पावलं मागे उभं राहून नुसतं तोंडाकडे बघतात, मग वाकून डोळ्याला डोळा. कॅव्हेलियरचं सगळं त्या चेहऱ्यात आहे, डोळे मोठे, गडद, गोल, पण बटाट्यासारखे बाहेर आलेले नकोत. मग दोन्ही कानांमध्ये हात फिरवतात, डोकं तिथे जवळजवळ सपाट लागलं पाहिजे. ओठ उचलून दात, वरचे खालच्यांवर कात्रीसारखे बसलेले. मग मानेवरून खांदा, बरगड्या, पाठ, शेपटीचं मूळ. नर असेल तर दोन्ही अंडकोष उतरलेत का तेही हाताने बघतात. सगळं मिळून मिनिट-दीड मिनिट. मग खाली उतरून त्रिकोणात चालवायचं, मग सरळ जाऊन परत यायचं, आणि शेवटी जजसमोर कुत्र्याने आपापलं उभं राहायचं. पट्टा सैल. गळ्यात ताणून धरलेला पट्टा कॅव्हेलियरला शोभत नाही, आणि शेपटी हलत असली पाहिजे. हलणारी शेपटी आणि सरळ पाठ एकाच वेळी मिळवणं हेच सगळं कसब.

माझ्या खिशात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे होते आणि हातात दोन काचेच्या बांगड्या, कारण घरी सराव करताना बांगड्या किणकिणल्या की जिलबी मान वर करून बरोबर हवा तसा चेहरा करते. टेबल छान झालं. त्रिकोण छान झाला. सरळ जाऊन परत येत होतो, जजसमोर उभे राहतोय, आणि रिंगच्या दोरीपलीकडून आवाज, 'जिलूऽऽ! इकडे बघ गं!' जिलबी गर्रकन वळली आणि जजकडे पाठ करून आईकडे बघत नाचायला लागली. बाहेरून हाक मारून कुत्र्याचं लक्ष वेधणं याला डबल हँडलिंग म्हणतात आणि ते अजिबात चालत नाही, काही लोक मुद्दाम करतात त्यामुळे स्टुअर्ड लोक (रिंगमधले जजचे मदतनीस) डोळ्यात तेल घालून असतात. स्टुअर्ड बाईंनी आईकडे एक नजर टाकली. आईने त्यांना नमस्कार केला. जज हसले, पण आमचा नंबर काही लागला नाही.

खरं सांगू का, हाक नसती तरी लागला नसता. हे मला नंतर काठावर बसल्यावर कळलं, आणि नुसतं बघायला जाणाऱ्यांना माझा सगळ्यात मोठा सल्ला हाच आहे. पहिल्या आलेल्या कुत्र्याकडे बघत बसू नका. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा असे रांगेत उभे करतात ना, ती अख्खी रांग बघा आणि त्यांच्यात सारखं काय आहे ते शोधा. दोन क्लास बघितले की जजच्या मनात काय आहे ते दिसायला लागतं. त्या दिवशीच्या जजना मागच्या पायांचा जोर हवा होता, रांगेतल्या पाचही जणी मागून ढकलत चालणाऱ्या, आणि आमची जिलबी मागून जरा हळूबाईच आहे. कॅटलॉग विकत घ्या, पेन न्या, नंबराला खूण करा. पहिल्या दोघांबद्दल जज नंतर लेखी अभिप्रायही देतात, तो आपल्या खुणांशी ताडून बघायला मजा येते.

बक्षीस काय, तर कार्ड. पहिल्याला लाल, दुसऱ्याला निळं, तिसऱ्याला पिवळं. ब्रीडमधल्या उत्तम नराला आणि उत्तम मादीला सीसी, म्हणजे चॅलेंज सर्टिफिकेट, अशी तीन वेगवेगळ्या जजकडून तीन मिळाली की चॅम्पियन. अख्ख्या क्रफ्ट्सच्या विजेत्यालाही रोख म्हणाल तर शे-दोनशे पौंडच मिळतात. आई म्हणाली, पेट्रोल तरी निघतं का यात? नाही निघत. कॅव्हेलियरने अख्खा शो एकदाच जिंकलाय, १९७३ ला, अॅलन्समेअर अॅक्वेरियस.

वेळ असेल तर त्याच दिवशी किंग चार्ल्सची रिंग नक्की बघा. गर्दी कमी, कुत्री मोजकी, पण कॅव्हेलियर आणि किंग चार्ल्स यांतला फरक फोटोवरून कळत नाही तो तिथे एका नजरेत कळतो. सगळ्या ब्रीड गटांत वाटलेल्या असतात, त्यांना ग्रुप म्हणतात; पॅपिलॉन आणि जपानी चिनही टॉयमध्येच. तिबेटन स्पॅनियल मात्र इथे युटिलिटी ग्रुपमध्ये आहे, आणि तो नावापुरताच स्पॅनियल. ग्रुपचा वार दरवर्षी तोच असेल असं नाही, तिकीट काढायच्या आधी वेळापत्रक बघा, नाहीतर स्पॅनियल बघायला जाल आणि दिवसभर ग्रेट डेन बघून याल.

एक गोष्ट गोड नाहीये, पण सांगायलाच हवी. जजच्या हाताला हृदय लागत नाही. कॅव्हेलियरमध्ये मायट्रल व्हॉल्व्हचा, म्हणजे हृदयाच्या झडपेचा, आजार फार, आणि दुसरा सिरिंगोमायेलिया, कवटी मेंदूला अपुरी पडते आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या होतात. २००८ मध्ये बीबीसीवर यावर डॉक्युमेंटरी आली, त्यात हा आजार असलेला कॅव्हेलियर शोमध्ये जिंकताना दाखवला होता, एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षीपासून बीबीसीने क्रफ्ट्स दाखवणंच बंद केलं. नॉर्वेत तर जानेवारी २०२२ मध्ये ऑस्लोच्या कोर्टाने कॅव्हेलियरचं ब्रीडिंग प्राणी-कल्याण कायद्याविरुद्ध आहे असा निकाल दिला. तर शोमध्ये भुलून पिल्लू बुक करू नका. निदान एवढं विचारा: आई-बाप दोघेही अडीच वर्षांच्या पुढचे आहेत का, त्यांची हृदयतपासणी स्वच्छ आहे का, आजी-आजोबांची पाचव्या वर्षी स्वच्छ होती का, एमआरआय केलाय का. कागद दाखवा म्हणा. आमचं पहिलं पिल्लू बघायला गेलो होतो तिथे बाई म्हणाल्या, आमच्या घरातली सगळी एकदम हेल्दी आहेत हो, कागद कशाला. आम्ही चहा पिऊन निघून आलो. नंतर या ब्रीडर बाईंनी न विचारता फाइल पुढे ठेवली. लाल कार्डांचं कपाट त्यांच्याकडेही आहे, पण मला ती फाइल जास्त भारी वाटली.

बाकी किरकोळ. सपाट बूट. कपडे कुत्र्याच्या रंगाहून वेगळे, मी तांबूस कुर्ता घालणार होते, ब्रीडर बाईंनी फोटो बघून नको म्हटलं, जिलबी दिसलीच नसती त्यावर. जेवण घरून न्या, रांगा प्रचंड आणि व्हेज म्हणजे चिप्स. खरेदीच्या हॉलमध्ये आधी ठरवून जा किती खर्च करायचाय, हे नवीन पट्टा आणायला गेले आणि पट्टा, दोन कंगवे आणि एक गादी घेऊन आले. संध्याकाळी प्रत्येक ग्रुपमधल्या ब्रीड-विजेत्यांची स्पर्धा मोठ्या अरिनात असते, त्याचं तिकीट वेगळं असतं आणि लवकर संपतं. बेंचवरच्या कुठल्याही कुत्र्याला मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका, विशेषतः त्याचा क्लास व्हायचा असेल तर, दोन तास विंचरलेलं असतं ते. जातींची ओळख करून देणारा डिस्कव्हर डॉग्ज हा भाग मात्र खास हात लावायलाच आहे, लहान मुलांना तिथे न्या.

आणि पुण्याहून कोणी आलेलं असेल तर जरूर घेऊन जा, गुरुवार-शुक्रवारचं तिकीट काढा, वीकेंडला पाय ठेवायला जागा नसते. सकाळी हॉल गार असतो, शाल लागते. रिंगच्या दोरीपासून चार रांगा मागे बसवा. आणि हाक मारायची नाही हे गाडीत बसल्यावर एकदा आणि रिंगजवळ परत एकदा सांगा.