पायडल आणि पायताण

"बूट कुठला घालताय?"

शाहूपुरीतल्या सायकलच्या दुकानात मी नुसतं पायडल मागितलं होतं. जुन्याचं बेअरिंग गेलेलं, फेऱ्याफेऱ्याला खट्ट वाजायचं. विचारणारा पोरगा माझ्या पायांकडे बघत होता. पायांत कापशी, म्हणजे जाड तळाची कोल्हापुरी चप्पल. ती बघून तो जरा गप्पच झाला आणि आतून रबरी ठोकळ्यांची जोडी काढून आणली. पंधरा नंबरचा पाना घरी होताच.

प्रश्न मात्र रास्त होता. पायडल सायकलला लावतात खरं, पण ते जुळायला हवं पायताणाशी. जाणकार सांगतात, चवडा बरोबर पायडलच्या दांडीवर यावा. कापशीत ते कसं जमणार? तळ इतका जाड नि ताठ की बोटांपाशी पाय वाकतच नाही. मग पाय मधोमध टेकवायचा, टाच बाहेर काढायची आणि अंगाचं वजन टाकायचं. शिवाजी पेठेतली म्हातारी माणसं अशीच, करकर वाजवत, सायकल हाणायची. घाई कुणाला होती?

आजोबांच्या सायकलच्या पायडलांचं रबर कधीच झिजून गेलं होतं. उरली होती ती नुसती लोखंडी दांडी, घासून घासून चकचकीत झालेली. मी मधनं पाय घालून शिकलो तो त्याच दांडीवर, अनवाणी. मे महिन्यात सायकल उन्हात राहिली की पहिल्या चार फेऱ्या तळवा उचलून उचलून मारायच्या. संध्याकाळी हँडलला किटली अडकवून आजोबा गंगावेशीत धारोष्ण दूध आणायला निघायचे. रबर बदलायचा विषय आजीनं काढला की म्हणायचे, "पायाला कळतंय की दांडी कुठं हाय ते." विषय संपला.

नवीन जोडी मी अंगणात बसवत होतो तर पुतण्या शिकवायला आला. "काका, डाव्याचे आटे उलटे असतात." असतात बाबा. नसते तर चालवता चालवता डावं पायडल आपोआप सुटून रस्त्यात पडलं असतं.

हा पुतण्या रविवारी पन्हाळ्याला जाणाऱ्यांतला. त्याचं पायडल बुटाला जखडतं. फ्रान्सच्या लूक कंपनीनं, मूळची स्कीच्या बांधण्या करणारी, 1984 मध्ये असलं पायडल काढलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो ते लावून टूर द फ्रान्स जिंकला. जिंकणारच. त्याला मध्ये उतरून मिसळ खायची नव्हती. आमच्या पोराला असते. बुटाला पायडलमध्ये अडकवणारा तुकडा म्हणजे क्लीट; ती तीन स्क्रूंची, तळाबाहेर आलेली, त्यामुळे हॉटेलच्या फरशीवर साहेब नाल ठोकलेल्या घोड्यासारखे टकटक करत येतात. अशांसाठीच जपानच्या शिमानो कंपनीनं 1990 मध्ये दोन स्क्रूंचं एसपीडी नावाचं पायडल आणलं. त्याची छोटी क्लीट तळाच्या खोबणीत बसते, माणसासारखं चालता येतं. सांगून झालं. ऐकत नाही. पावसात वाघबिळाचा चढ उभ्यानं मारताना पाय निसटत नाही म्हणतो, आणि तेवढं मला पटतं.

खिळ्यांचं सपाट पायडलही त्यानं मला सुचवून बघितलं. मऊ रबरी तळाचा बूट असेल तर झकास, खिळे रबरात रुततात आणि पाय हलत नाही. पण हातानं शिवलेल्या चामड्याला खिळे टोचायचे? शक्य नाही.

काळजी एकाच गोष्टीची वाटते. शिमानोच्या तीन स्क्रूवाल्या क्लीटमध्ये पिवळी असेल तर टाच सहा अंश हलू देते, निळी दोन, आणि लाल अजिबात नाही. पोरानं लाल घेतलीय. सायकल लाल आहे म्हणून! गुडघ्याला किंचितही इकडेतिकडे व्हायला जागा नाही, आणि हे महाराज पन्हाळा चढून येतात.

कापशीत पाय हवा तेवढा फिरतो. आमच्या पिढीचे गुडघे गेले ते दुसऱ्याच कारणांनी.