दोरी, भिंत आणि गुरुपौर्णिमा

आज ९ जुलै २०१७. सिडनीत कडाक्याची थंडी, आणि टीव्हीवर 'ऑस्ट्रेलियन निंजा वॉरियर'चा पहिला भाग. आम्ही मायलेकी पांघरूण घेऊन बसलो होतो. अडथळ्यांची शर्यत लागली होती सिडनीच्याच बंदरातल्या कॉकाटू बेटावर, जिथे एके काळी कैद्यांचा तुरुंग होता, नंतर जहाजबांधणी चाले.

मूळ खेळ जपानचा. 'सासुके' नावाने १९९७ला सुरू झालेला. शंभर स्पर्धक, चार टप्पे, आणि बहुतेक वेळा शेवटपर्यंत कोणीच पोचत नाही! २००६मध्ये तो पूर्ण करणारा माकोतो नागानो हा मासेमार होता. मला त्याचं फार कौतुक वाटतं. समुद्रावरच्या कामाने कमावलेले हात ते.

इथेही तेच दिसलं. मोठ्या दंडांचे लोक धपाधप पाण्यात पडत होते आणि सडपातळ, चिवट माणसं शेवटच्या अडथळ्यापर्यंत, धावत चढायच्या त्या उंच वाकड्या भिंतीपर्यंत, पोचत होती. शेवटी सगळं पकडीवर येतं. पुण्यात सर आम्हा मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवायचे, तेव्हा हेच सांगायचे. पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात दोरी धरायची, मग हात सोडायचे. सोलवटून निघायचं सगळं. पण एकदा अढी, म्हणजे पायांची पकड, बसली की वर काय मोकळं वाटायचं!

आणि आज नेमकी गुरुपौर्णिमा. आमचे नऊ वाजले होते, तिकडे साडेचार. सरांना फोन लावला. लेकीने हातातून फोन ओढून घेतला आणि थेट विचारलं, "आजोबा, दोरी केवढी जाड घ्यायची?"