विटेवरचे पाय

आमचं थेटर तिशीच्या दशकातलं, एकपडदा. मागच्या आषाढीला सकाळी 'संत तुकाराम'चा एकच खेळ लावला. प्रभातचा 1936 चा बोलपट, प्रत 35 मिमीची. प्रोजेक्टरची दोन्ही जुनी मशिनं मी तेलपाणी करून जागती ठेवली होती, म्हणून जमलं. नाहीतर ती कधीच भंगारात जायची.

त्या काळची चौकट जवळजवळ चौकोनी. रुंद चित्रासाठी गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरून फिल्म सरकते त्या जागी, जी प्लेट बसते, ती फ्रेमचा वरचा-खालचा भाग झाकून टाकते. चौकोनी चित्राच्या जुन्या प्लेटा कुणी हरवल्या, देव जाणे. मी पितळी पत्रा आणून दोन नव्या केल्या. खिडकी 21 मिमी रुंद, 15 मिमी उंच. शेवटच्या अर्ध्या मिमीला कानस अगदी हलक्या हाताने फिरवायची. तिथली बारीकशी कुसळ पडद्यावर बोटाएवढी दिसते. दोन दिवस गेले. या चित्राला लागणाऱ्या, कपाटातल्या लांब फोकसच्या दोन लेन्सवर बुरशी चढली होती, तीही पुसून काढली.

पहिलं रीळ सुरू झालं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळं. बाल्कनीतून आवाज : "पडदा अर्धाच का? पैसे पूर्ण घेतलेत ना?" मॅनेजर केबिनमध्ये धावत आला. वय तिशीचं, सिनेमा मोबाइलवर बघणारा. "काका, मोठं करा."

"डोकी कापली जातील."

"जाऊ द्या. लोक ओरडतायत."

दुसऱ्या मशीनवर रुंदवाली प्लेट आणि लेन्स चढवली. रीळ संपताच चेंजओव्हर झाला, म्हणजे चित्र दुसऱ्या मशीनवर गेलं, पडदा भरला, खाली टाळ्या पडल्या. पुढे पहिल्या मशीनवरही तेच केलं. मी चित्र वर-खाली सरकवणारा फ्रेमिंगचा नॉब धरून बसलो. विठोबाचा मुकुट वाचवला की विटेवरचे पाय जातात, पाय धरले की मुकुट जातो. विष्णुपंत पागनीस गातायत, आणि मला दिसतंय फक्त त्यांचं कापलेलं पागोटं. पाच रिळं अशीच गेली. खालून एकाचीही तक्रार नाही. मला खरं तर तेच अजून खुपतंय. पण मीही नॉब फिरवतच बसलो होतो, मशीन काही थांबवलं नाही.

शेवटचं सातवं रीळ म्हणजे गरुडावरून वैकुंठगमन. जमिनीवर आवली आणि आभाळात तुकोबा, दोन्ही दिसायला हवेत. सहावं चालू असताना पहिल्या मशीनवर मी माझी प्लेट आणि जुनी लेन्स परत बसवली. कुणाला विचारलं नाही. चेंजओव्हरला चित्र एकदम लहान झालं, पण गरुड सबंध दिसला.

खेळ सुटल्यावर जिन्यात एक गृहस्थ कुरकुरत होते, "शेवटी चित्र का बारीक केलं?" त्यांच्या आई असाव्यात, गळ्यात तुळशीची माळ. म्हणाल्या, "अरे, तुकोबा लांब गेले ना!"

मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मी वर गेलो, रिळं उलटी गुंडाळायची होती.