बेंबीखालची ‘चरबी’

पुण्यात फिरतीवर भूल देणाऱ्या माझ्यासारखीला बरेच सर्जन जवळून पाहायला मिळतात. कोण रुग्णाशी नीट बोलतो, कोण घड्याळाकडे बघत टाके घालतो, रक्त जरा जास्त गेलं की कोणाचा आवाज चढतो, हे सगळं टेबलाच्या डोक्याकडे उभं राहिलं की आपोआप कळतं. म्हणून ओळखीपाळखीचे फोन येतात, ‘पोट कमी करून घ्यायचंय, चांगला सर्जन सांगा.’ मी आधी दोन-चार प्रश्न विचारते आणि समोरचा वैतागतो. अशा वेळी मी साताऱ्याकडच्या एका शिक्षिकेची हकिगत सांगते.

एका कॉस्मेटिक सेंटरमधून बोलावणं आलं होतं. ‘टच-अप लायपो आहे. लोकल आणि थोडं सिडेशन. मॅडम, तुम्ही फक्त स्टँडबाय.’ मी ‘फक्त स्टँडबाय’ असले की जरा लवकरच पोचते.

बाई 41 वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेवर. दोन वर्षांपूर्वी याच सेंटरमध्ये त्यांचं पोटाचं लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, झालं होतं. आता पोट उंचसखल दिसत होतं, डाव्या कुशीत बोटाचं पेर बुडेल अशी खळी होती आणि बेंबीखाली लिंबाएवढा फुगवटा. ‘तेवढीच चरबी राहिलीय, ती काढली की झालं,’ असं काउन्सेलरने सांगितलेलं. ऑपरेशन कोण करणार, मी विचारलं. ‘मुंबईहून सर येतात.’ सरांचं नाव? बाईंनी मिस्टरांकडे पाहिलं, मिस्टरांनी खिशातून पावती काढली. पावतीवर सेंटरचं नाव होतं, सरांचं नव्हतं.

फॉर्मवर ‘आधीची ऑपरेशन्स’ या रकान्यात फक्त लायपो. मुलं दोन. मग कुटुंबनियोजनाचं झालं का?

‘झालं की. दुर्बिणीचं, कॅम्पमध्ये. ते काय ऑपरेशन मॅडम, संध्याकाळी घरी होते.’

‘स्मोकिंग’समोर ‘नाही’ अशी खूण होती. खरंच होती ती. मिश्री लावता का, असं कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारल्यावर बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘सकाळी एकदा. शाळेत कुणाला माहीत नाही.’

मान-जबडा बघून झाल्यावर मी त्यांना हाताचा आधार न घेता डोकं आणि खांदे उचलायला सांगितले. पोटाचे स्नायू आवळले तसा तो फुगवटा टरारून वर आला. खोकायला लावलं, तर बोटांना आतून धक्का बसला. पुन्हा सैल पडायला सांगून हलक्या हाताने दाबलं, तेव्हा गुरगुर करत आत गेला आणि त्याच्या जागी दोन बोटं मावतील एवढी फट हाताला लागली. चरबी गुरगुरत नाही. बेंबीखाली दुर्बिणीसाठी जिथे छेद घेतात, तिथे पुढेमागे हर्निया होऊ शकतो. बाईंचा झाला होता, आणि आत-बाहेर करत होतं ते आतडं.

लायपोची नळी टोकाला बोथट असते. चरबीतून फिरताना रक्तवाहिन्यांना, नसांना कमी इजा व्हावी म्हणून ती तशी करतात. पण ती जोर लावून मागेपुढे करायची असते, आणि स्नायूच्या पडद्याला भोक असेल तर त्याखाली काय आहे हे नळीला कळत नाही. लायपोत आतड्याला भोक पडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं, तोवर रुग्ण घरी गेलेला असतो.

मी कपाटही उघडून पाहिलं. चरबीत भरायच्या सलाइनमध्ये जागा बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अॅड्रिनॅलिन घालतात. क्लाइन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने 1987 मध्ये मांडलेली ही पद्धत चांगली आहे, रक्त खूप कमी जातं. लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे 35 मिलिग्रॅम धरली तर 68 किलोच्या बाईंना 2380 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. हे औषध रक्तात सावकाश चढतं, सर्वांत जास्त पातळी साधारण बारा तासांनी येते. म्हणजे बाई साताऱ्याच्या घरी झोपलेल्या असताना. औषध चढलंच तर त्यावर उतारा म्हणून शिरेतून द्यायचं 20 टक्के लिपिड इमल्शन हाताशी लागतं. ते तिथे नव्हतं. विचारल्यावर सिस्टरने मला ते कुठलं सलाइन म्हणून विचारलं.

भूल देणार नाही, असं मी सांगितलं. मुंबईच्या सरांना फोन लावून दिला गेला.

‘मॅडम, दहा मिनिटांचं काम आहे. हर्निया असला तरी मी त्या बाजूला जात नाही.’

‘सर, ज्या बाजूला जायला त्या आल्या आहेत तीच ही बाजू आहे.’

मग व्यवस्थापक आले, ओटी बुक आहे म्हणाले, अॅडव्हान्स परत मिळत नाही म्हणाले. मी केसपेपरवर तपासणी, वेळ आणि नकाराचं कारण लिहून सही केली आणि त्या कागदाची प्रत मिस्टरांच्या हातात दिली. त्या सेंटरचा फोन नंतर मला आला नाही, हे वेगळं सांगायला नको.

जिन्यात बाईंनी गाठलं. रडवेल्या झाल्या होत्या, रागावल्याही होत्या, बहुधा माझ्यावरच. ‘मग तुम्हीच सांगा, कुणाकडे जाऊ?’

मी नावाआधी प्रश्न दिले. एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षं जनरल सर्जरी आणि त्यावर आणखी तीन वर्षं प्लास्टिक सर्जरी, एम.सीएच. किंवा डीआरएनबी, असं शिक्षण आहे का? ‘कॉस्मेटिक सर्जन’ असं पाटीवर लिहिता येतं, पण त्यामागची पदवी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत सापडली पाहिजे. दुसऱ्याने बिघडवलेली पोटं ते दुरुस्त करतात का, की फक्त कोरी? रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर कोण येणार आणि अतिदक्षता विभाग कुठे आहे? आणि शेवटचा, माझ्या लेखी सगळ्यांत मोठा प्रश्न: यातलं काय दुरुस्त होणार नाही? याचं उत्तर ‘सगळं होईल’ असं आलं तर चहा पिऊन निघायचं.

बाई तीन ठिकाणी गेल्या. दोघांनी लगेच तारीख दिली. तिसऱ्याने दिली नाही, म्हणून त्यांनी मला तक्रारीच्या सुरात फोन केला. ‘त्यांनी आधी जुने कागद मागितले. किती लिटर काढलं, नळी कुठून घातली, सगळं. सेंटरकडे नुसतं दोन ओळींचं डिस्चार्ज कार्ड. मग उभं केलं, बसवलं, कमरेत वाकवलं, खोकवलं, सगळीकडून फोटो. आणि पहिलाच प्रश्न मॅडम, मिश्री!’

मला त्या सर्जनचं नाव तेव्हा ठाऊक नव्हतं, पण मी मनातल्या मनात त्यांना पास केलं. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. टमी टक या पोट आवळायच्या ऑपरेशनमध्ये पोटाची कातडी सोडवून खाली ओढतात, तिची कड आधीच कमी रक्तावर जगत असते. त्यात लायपो झालेलं पोट म्हणजे आत सगळीकडे जखमेचे वण. अशा पोटात कड काळी पडण्याचा धोका आणखी वाढतो. सर्जनने मिश्री बंद करायला सांगितली, सीटी स्कॅन करवला, वजन पाच-सहा किलोंनी उतरवून काही महिने तिथेच टिकवायला सांगितलं. ‘लायपो कशासाठी मग? वजन मीच उतरवायचं तर?’ बाईंचा हा प्रश्न रास्त होता. उत्तर एवढंच, की लायपो आणि टमी टक आकारासाठी असतात, वजनासाठी नाहीत.

पुढे त्यांनी हट्टाने मलाच भुलीला बोलावलं. सकाळी त्या सर्जनने बाईंना उभं करून पेनाने खुणा केल्या. आडव्या माणसाचं पोट खोटं बोलतं, हे त्यांचं वाक्य. मग संमतीपत्राच्या छापील मजकुराखाली स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिलं: ‘डाव्या कुशीतली खळी आज भरणार नाही. बेंबी कदाचित वाचणार नाही.’ हर्निया शिवताना बेंबीचा रक्तपुरवठा खालूनही तुटतो आणि बाजूनेही, म्हणून ती दुसरी ओळ.

हर्नियाला जनरल सर्जन होते. पिशवीत आतड्याचा एक वेढा सहज सरकत होता, वपा, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा, मात्र कडेला चिकटलेली होती. ती सोडवून जाळी बसवली. मग प्लास्टिक सर्जनने कातडी मधोमधच सोडवली, दोन्ही कुशींकडच्या रक्तवाहिन्यांना हात लावला नाही. दिसायला थोडं कमी देखणं होईल, पण कातडी जगेल, असा तो हिशेब. सुटलेले स्नायू मधे आणून शिवले. टेबल कमरेत मोडून शेवटचे टाके झाले. नंतरचं काम माझं. अशा रुग्णाला घशातली श्वासाची नळी काढताना ठसका लागला तर नव्या शिवणीवर सगळा ताण येतो. बाई न खोकता जाग्या झाल्या, याचं कौतुक तिथे कोणी केलं नाही. गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटऱ्यांना पंप चालू होताच, संध्याकाळी त्यांना कमरेत वाकूनच खोलीत चार पावलं चालवलं.

बेंबी वाचली. एक कोपरा काळवंडला होता, ड्रेसिंगवर भरून आला. जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळ्या, म्हणजे ड्रेन, निघाले, पट्टा दीड महिना घातला.

तपासणीच्या दिवशी मी त्याच हॉस्पिटलात होते. बाई आरशासमोर पोट डावी-उजवीकडे वळवून बघत होत्या. ‘सर, खळी तशीच आहे.’

सर्जनने संमतीपत्र काढून ती ओळ दाखवली. दुसऱ्या जागेची थोडी चरबी घेऊन खळी भरता येईल, पण वण मऊ होऊ दे, सहा महिने तरी जाऊ देत, आणि भरलेली सगळीच चरबी टिकत नाही, तेही लिहून देतो, असं म्हणाले.

बाईंनी पर्समधून डायरी काढली. दिवाळीच्या सुट्टीत जमेल का, एवढंच विचारलं.