द्राक्षरस, खेप तिसरी: बाटलीतले खडे

दुसऱ्या खेपेचा रस इतका नितळ होता, की बाटलीआडून पेपर वाचता येत होता. तीन आठवड्यांनी मामीनं फ्रीजमधून एक बाटली काढली आणि ओरडली, "अरे, ह्यात काच फुटलीय की रे!"

तळाशी मिठाच्या कणांएवढे टोकदार, चकाकणारे खडे होते. उकळत्या पाण्यात टाकून ढवळले, तर विरघळले. काच कशी विरघळेल? मग एक खडा जिभेवर ठेवला. आंबट. पोटॅशियम बायटार्ट्रेट.

द्राक्षात टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम दोन्ही भरपूर. रस गार झाला की त्यांचा क्षार पूर्वीइतका विरघळून राहू शकत नाही, खडे धरतो. माझं मेम्ब्रेन, म्हणजे रस गाळायचा बारीक छिद्रांचा पडदा, 0.2 मायक्रॉनचं. गर, यीस्ट अडतं. विरघळलेला क्षार मात्र आरामात पार जातो. नितळ रस म्हणजे टिकाऊ रस, हे मी गृहीतच धरलं होतं.

ह्या वेळी तासगावहून तास-ए-गणेशचे 20 किलो सुटे मणी आणले. रस 85 अंशांपर्यंत तापवला, कारण तसाच ठेवला तर तपकिरी पडतो. 50 अंशांवर आल्यावर पेक्टिनेज (फळातलं चिकट पेक्टिन तोडणारं एन्झाइम) घालून दोन तास झाकून ठेवला. मग अल्कोहोलची चाचणी: एक भाग रस, दोन भाग आम्ल घातलेलं अल्कोहोल, पंधरा मिनिटं थांबायचं. (हा नमुना प्यायचा नाही, ओतून द्यायचा.) जेलीसारखे धागे तरंगले, म्हणजे पेक्टिन अजून शिल्लक. आणखी अर्ध्या तासानं नमुना स्वच्छ आला. पहिल्या खेपेला ही चाचणी टाळली होती आणि मेम्ब्रेन दहा मिनिटांत चोंदलं होतं. घाई असली तरी हे वगळू नका.

नवीन पायरी इथून पुढं. रस फडक्यानं गाळून शून्य अंशाजवळ ठेवला आणि लिटरला 4 ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर घातलं. हा तोच क्षार. तयार कण मिळाले की रसातला जादा क्षार त्यांच्यावर बसतो, नाहीतर आठवडे लागतात. दिवसभर अधूनमधून ढवळलं, रात्रभर निवळू दिलं. सकाळी भांड्याच्या बुडाला पांढरी साय धरली होती, नखानं खरवडावी लागली. वरचा रस गार असतानाच निथळून घेतला. कोमट होऊ दिला असता तर क्षार परत रसात गेला असता. मेम्ब्रेनला मात्र गार रस सोसत नाही, दाट असल्यानं धार मंदावते. म्हणून खडे वेगळे झाल्यावरच रस खोलीच्या तापमानाला आणला. त्यानंतर 12 लिटर तीन तासांत पार. 85 अंशांवर बाटल्या भरल्या.

एक बाटली दहा दिवस शून्य अंशावर ठेवली होती. आज उजेडात उलटी करून पाहिली. एकही खडा नाही.

मेम्ब्रेन अर्ध्या टक्क्याच्या कॉस्टिक सोड्यानं धुतलं, लिटमस निळा होणं थांबेपर्यंत पाणी सोडलं. खेपेआधी एक लिटर साधं पाणी दोन मिनिटांत जात होतं, धुतल्यावर सव्वादोन, म्हणजे जवळजवळ पहिल्यासारखं मोकळं.