तीस की चौतीस

वाद फक्त चार विमानांचा होता, तरी त्या दिवसाची नोंद मी पुन्हा पुन्हा उघडतो आहे.

युरोपात प्रवासी विमानाच्या उड्डाणाचा प्रत्येक फ्लाइट प्लॅन, म्हणजे वाट, उंची आणि वेळ यांचा आराखडा, नेटवर्क मॅनेजरच्या, म्हणजे सगळ्या युरोपची हवाई वाहतूक जुळवणाऱ्या आमच्या यंत्रणेच्या, दोन केंद्रांकडे जातो. एक ब्रुसेल्सजवळच्या हारेनला आहे, दुसरं पॅरिसच्या दक्षिणेला ब्रेतिन्यीला. 28 जून 2019 ला एका दिवसात 37 हजारांहून जास्त उड्डाणं झाली होती. फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश बंद आहे, त्यामुळे काही वाटा अधिकच दाटल्या आहेत. आम्ही विमानांशी बोलत नाही, ते काम कंट्रोलरचं. कुठल्या सेक्टरमध्ये, म्हणजे आकाशाच्या ठरवून दिलेल्या तुकड्यात, तासाला किती विमानं शिरणार हे बघायचं, आणि जास्त होत असतील तर ती जमिनीवरच थांबवायची, हे आमचं काम. हवेत गेलेल्या विमानाला आम्ही हात लावू शकत नाही. म्हणून निर्णय वादळ दिसण्याआधी, अंदाजावर घ्यावा लागतो.

त्या दिवशी एका मोठ्या हवाई नियंत्रण केंद्राच्या वरच्या सेक्टरवर दुपारी 13:00 पासून विजांच्या ढगांची रांग येणार होती. सगळ्या वेळा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. एरवी तो सेक्टर तासाला 44 विमानं सहज घेतो, आणि मागणी 42 ची होती. ढग आले की हे गणित मोडतं. प्रत्येक वैमानिक डावी-उजवीकडे वळण मागतो, दोन विमानांच्या वाटा अनपेक्षित ठिकाणी एकमेकींना छेदतात, फ्रिक्वेन्सीवर बोलायला जागा उरत नाही. सकाळच्या कॉन्फरन्सला तिथल्या फ्लो मॅनेजमेंट पोझिशनने, म्हणजे सेक्टरवरचा भार बघणाऱ्या एफएमपीने, दर मागितला तासाला 30 विमानांचा. आमचं म्हणणं 34.

हे चार किती मोठे आहेत ते बाहेरच्याला पटकन कळत नाही. दर 30 म्हणजे दोन मिनिटांना एक स्लॉट, म्हणजे एका विमानाला ठरवून दिलेली वेळ. तासाला 42 येत राहिली तर दर तासाला 12 मागे पडतात, तीन तासांत 36. म्हणजे तिसऱ्या तासाच्या शेवटी येणाऱ्या विमानाला 72 मिनिटांचा उशीर. दर 34 केला तर मागे पडतात 24, स्लॉट पावणेदोन मिनिटांचा, शेवटच्याचा उशीर साधारण 42 मिनिटं. चार विमानांनी अर्धा तास वाचतो. त्या अर्ध्या तासावर पुढच्या फेऱ्या, क्रूचे ड्युटीचे तास आणि रात्री विमानतळ बंद होण्याच्या वेळा अवलंबून असतात.

त्यात हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. दुसऱ्या खंडातून येणारं लांब पल्ल्याचं विमान यादीत जागा घेतं, पण त्याला थांबवता येत नाही. रुग्ण नेणाऱ्या किंवा शोध-बचावाच्या उड्डाणांना सूट असते, आणि ती असायलाच हवी. उरलेला सगळा उशीर तासा-दीड तासाच्या छोट्या उड्डाणांच्या माथी येतो. निघायच्या आणि पोचायच्या दोन्ही ठिकाणी आकाश निरभ्र, आणि कॅप्टन सांगतो स्लॉट नाही. प्रवाशांचा राग मला समजतो. पण वादळ वाटेत असतं, खिडकीबाहेर नसतं, हे विमान कंपन्यांनी त्यांना नीट सांगायला हवं. ते क्वचितच होतं.

अखेर दर 30 च ठरला. सेक्टरच्या सुरक्षिततेचा शेवटचा शब्द तिथल्या लोकांचा असतो, आणि ते योग्यच आहे.

ढग चाळीस मिनिटं उशिरा आले. 13:00 ते 13:40 स्वच्छ हवेत सेक्टरला 28 ऐवजी 20 विमानं मिळाली. गेलेला स्लॉट परत येत नाही. एवढ्यावर मी म्हटलं असतं की आमचा आकडा बरोबर होता. पण ढग आल्यावर भरलेल्या तासांपैकी एकात, दर 30 असताना, प्रत्यक्ष शिरली 36.

ही सहा कुठून आली ते दुसऱ्या दिवशी एकेक करून काढलं. एकाने स्लॉटची मुदत पाळली नाही. दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत चाकं जमिनीवरून सुटायला हवीत, पण काही जण अजूनही ती स्टँडवरून, म्हणजे विमान उभं असतं त्या जागेवरून, निघण्याची वेळ समजून बसतात. दोघांना आधीच्या केंद्राने सरळ वाट दिली आणि ती नियोजनात नसलेल्या या सेक्टरच्या कोपऱ्यातून गेली. उरलेली तीन माझ्या डोक्यातून जात नाहीत.

त्यातलं एक उड्डाण बघा. स्टँडवरून निघायचं 15:10 ला, धावपट्टीपर्यंत जायला पंधरा मिनिटं, म्हणजे चाकं सुटणार 15:25 ला. नियमाप्रमाणे दोन तास आधी, 13:10 ला, स्लॉटचा संदेश गेला: 16:33. उशीर 68 मिनिटं. विमान कंपनीच्या डिस्पॅचरने, म्हणजे उड्डाणाचं नियोजन करणाऱ्याने, फ्लाइट प्लॅन बदलून उंची 240 वर, म्हणजे 24 हजार फुटांवर आणली. सेक्टर 245 पासून सुरू होतो, म्हणजे विमान त्याच्या खालून जाणार. स्लॉट रद्द झाला, विमान वेळेवर उडालं. इथवर सगळं नियमात आहे, असं करा असं आम्हीच सुचवतो. पण वर गेल्यावर वैमानिकाने 320 मागितली, शेजारच्या कंट्रोलरने चांगुलपणाने दिली, आणि ज्या सेक्टरसाठी इतर विमानं तासभर जमिनीवर उभी होती त्यात हे थेट शिरलं. बाकी दोघांचंही हेच.

एफएमपी 30 मागतो कारण पाच-सहा बिनहिशेबी येतील हे त्याला अनुभवाने माहीत असतं. 30 दिला की उशीर 72 वर जातो. 72 दिसला की डिस्पॅचर खालची उंची भरतो आणि हवेत वरची मागतो. म्हणून पुढच्या वेळी एफएमपी पुन्हा 30 मागतो. प्रामाणिकपणे वाट पाहणारा मात्र दोन्हीकडून भरडला जातो. मी त्या एफएमपीला हट्टी म्हणत होतो. ते मागे घेत नाही, पण त्याच्या भीतीला आकडा होता, आणि तो त्याने कॉन्फरन्समध्ये सांगायला हवा होता. वादळासाठी किती कापले आणि घुसणाऱ्यांसाठी किती, हे वेगळं कळलं असतं तर त्या घुसणाऱ्यांबद्दल शेजारच्या केंद्रांना सकाळीच सांगता आलं असतं: खालची उंची भरलेल्यांना 13:00 ते 18:00 या वेळात वरच्या उंचीवर सोडू नका.

आता दर मागताना ही फोड द्या, असं आम्ही लेखी सुचवलं आहे. दोन नियंत्रण केंद्रं द्यायला लागली आहेत. त्या दिवशीचं केंद्र अजून एकच आकडा पाठवतं.