चाक उलटं फिरवलं आणि मोटर जागी झाली

सायकल रिपेअरिंगच्या कामात बरीच वर्षं गेली, पण त्या एका दिवसाचं काम अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

सकाळी दुकान उघडतोय तोच एक ताई फोल्डिंग ई-बाईक घेऊन आल्या. नर्स आहेत, रोज सायकलची घडी करून ट्रेनमध्ये चढवतात आणि उतरल्यावर पुढे चालवत जातात. २० इंची चाकं, मागच्या चाकात हब मोटर, सहा गिअर. म्हणाल्या, "दादा, याला आठ गिअर बसवून द्या." का विचारलं तर म्हणाल्या की मोटरने स्पीड पकडला की सहाव्या गिअरलासुद्धा पाय नुसते हवेत फिरतात, जोर लागतच नाही, सगळं मोटरच ओढते आणि बॅटरी घरी पोचेपर्यंत पुरत नाही. जाता जाता हेही म्हणाल्या की घडी उघडली की कधीकधी गिअर आपोआप बदललेला असतो. ते मी कानामागे टाकलं, म्हटलं जुनी केबल असेल.

आता यात गोम अशी आहे की गिअर किती आहेत याला तसा अर्थ नाही, मागच्या चाकावरच्या सगळ्यात लहान चकतीला दात किती आणि पुढच्या चेनरिंगला, म्हणजे पेडलपाशी असलेल्या दात्यांच्या मोठ्या चकतीला किती हे बघायचं. यांच्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १४ ते २८. २० इंची चाक एका फेऱ्यात दीड मीटरच्या आसपास जातं, म्हणजे सगळ्यात जड गिअरलासुद्धा पेडलच्या एका फेऱ्यात पावणेपाच मीटर. २५ च्या स्पीडला पाय लावायचे तर मिनिटाला ८७ फेरे मारायला लागणार! रोज ड्युटीला जाणारं माणूस आरामात साठेक फेरे मारतं, तेवढ्यात सायकल १७ च्या स्पीडलाच अडकते, त्याच्या वर सगळं ओझं मोटरवर. बॅटरी संपणारच. आठ गिअर बसवले आणि लहान चकती १४ चीच राहिली तर काडीचा फरक पडत नाही, आणि हब मोटरच्या चाकात आठ गिअरचा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा जुडगा, फ्रेमला घासायची भीती वेगळीच.

म्हणून मी त्यांना सांगितलं, ताई, आठ नको, सातच घालू पण ११ ते ३४ चा फ्रीव्हील घालू आणि पुढे ४८ चं चेनरिंग. ५२ चं लावून बघितलं होतं, पण ते मागच्या फ्रेमच्या नळीला टेकत होतं. ४८ आणि ११ म्हणजे २५ च्या स्पीडला ६३ फेरे, आणि ३४ च्या चकतीमुळे चढाचा गिअर आधीपेक्षाही हलका. बॅटरी संपलीच आणि ही जड सायकल पायाने ओढत न्यायची वेळ आली तर तो हलका गिअर किती कामाला येतो हे ज्याने ओढलीय त्यालाच कळेल. त्या म्हणाल्या, संध्याकाळी ड्युटीवरून येते, तोपर्यंत होईल? म्हटलं होईल.

बॅटरी काढून बाजूला ठेवली, चाक काढलं. हब मोटरचं चाक काढताना ॲक्सलचे वायसर कसे बसलेत त्याचा फोटो काढून ठेवायचा ही माझी सवयच आहे, कारण तो नाक असलेला वायसर उलटा बसला तर मोटरच्या जोराने ॲक्सलच फिरतो आणि वायर पिळवटून तुटते. या सायकलची वायर फ्रीव्हीलच्याच बाजूने बाहेर येते, म्हणजे फ्रीव्हील काढायचा पाना आधी कनेक्टरवरून आणि वायरवरून ओवून घ्यायचा आणि मग खोबणीत बसवायचा. वर आणि हा फ्रीव्हील आट्यांवर असा बसलेला की विचारू नका, पेडल मारेल तसा तो अजून घट्टच होत जातो. तेल मारून ठेवलं, तासाभराने पाना व्हाइसमध्ये धरला आणि चाकच गाडीच्या स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी डावीकडे फिरवलं. तिसऱ्या झटक्याला कड् असा आवाज आला आणि सुटला. पण पाना काढून घेताना त्याची कड वायरला लागली. रबरावर नखाएवढा ओरखडा दिसला, आतली तार उघडी पडली नव्हती, तरी माझ्या पोटात धस्स झालंच.

पुढचं भराभर झालं. नवा फ्रीव्हील ग्रीस लावून हाताने बसवला, क्रँक म्हणजे पेडलचा दांडा काढून चेनरिंग बदललं, नवी चेन, चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा लांब पिंजऱ्याचा डिरेलर, हँडलवरचा सातचा लिव्हर. सहाच्या आणि सातच्या चकत्यांमधलं अंतर सारखं नसतं त्यामुळे जुना लिव्हर चालवून घेऊ असं करायचं नाही, एक गिअर नीट बसतो आणि दुसरा खडखड करत राहतो. डिरेलर जमिनीपासून चार बोटं वर राहिला, २० इंची चाकाला तेवढं पुरे.

बॅटरी लावली, स्टँडवर पेडल मारलं. गिअर लोण्यासारखे पडत होते. मोटर मात्र गप्प.

डिस्प्लेवर दिवे लागलेले, असिस्ट म्हणजे मोटरच्या मदतीची पायरी पहिल्यावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर टाकून बघितला, काही नाही. माझं सगळं लक्ष त्या ओरखड्यावर. म्हटलं आत एखादी तार गेली, आता दुसऱ्याच्या रोजच्या वापराची सायकल आपल्या हातून बंद पडली. हाताने मोटर चालवायचा थ्रॉटल नाही, सायकल ढकलताना मोटर हळू फिरवणारा वॉक मोड नाही, म्हणजे मोटर एकटी फिरवून बघायचीही सोय नाही. कनेक्टर उघडला, नऊच्या नऊ पिना सरळ, बाण बाणाला जुळवून परत दाबला. तरी नाही. मग मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरच्या बाजूचा प्लग जोडलेलाच ठेवून उघडा केला आणि मोटर कशी फिरतेय हे कळवणाऱ्या हॉल सेन्सरच्या तारा मीटरने तपासायला घेतल्या. यात तीन सिग्नलच्या तारा असतात, मोटर फिरली की प्रत्येकीवर व्होल्टेज शून्य आणि पाचच्या मध्ये उड्या मारतं. पण गिअरवाली हब मोटर चाक पुढे फिरवून फिरत नाही, आत तिचा स्वतःचा क्लच असतो, म्हणून चाक उलटं फिरवायला लागतं.

मीटरची पिन एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने चाक हळूहळू मागे फिरवलं. शून्य, पाच, शून्य, पाच. पहिली तार बरोबर, दुसरी बरोबर, तिसरीला चाक जरा जोरात फिरवलं आणि अचानक चाकाने माझा हात झटकून दिला आणि पुढच्या दिशेने घूं करत पळायला लागलं! असिस्ट तिसऱ्यावरच राहिलेला. मी मागेच सरकलो. बोटं स्पोकमध्ये गेली असती तर काय झालं असतं हे आता लिहितानाही अंगावर काटा येतोय. तपासताना असिस्ट शून्यावर ठेवायचा, हे त्या दिवसापासून मी पोरांनाही बजावून सांगतो.

चाक थांबलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. चाक मागे फिरवलं की फ्रीव्हील धरतो, चेन मागे जाते आणि पेडलही उलटं फिरतं. म्हणजे पेडल उलटं फिरलं की मोटर चालू होतेय. मोटर धडधाकट आहे, वायरही धडधाकट आहे, उलटी आहे ती क्रँकच्या मागची लोहचुंबकाची चकती! पेडल कुठल्या दिशेला फिरतंय हे त्या चकतीवरून सेन्सरला कळतं आणि चेनरिंग बदलताना पुसून परत बसवताना मीच तिची बाजू बदलली होती. क्रँक परत काढली, चकती पालटली, दहा मिनिटांचं काम. ओरखड्यावर रबर टेपचे दोन थर दिले आणि वायरचं तोंड खाली वळवलं, म्हणजे पाणी आत न जाता ठिबकून जाईल.

ताई यायला अर्धा तास होता. सहज म्हणून घडी करून बघितली, चौथा गिअर टाकलेला होता. उघडली तर चेन पाचवीवर! तेव्हा सकाळचं त्यांचं बोलणं आठवलं. सायकलची घडी पडते तिथे बिजागराच्या बाहेरच्या बाजूने गिअरची केबल जाते, तिच्यावरचं नळीसारखं आवरण म्हणजे आऊटर आखूड असला की घडी करताना तो ताणला जातो आणि जागेवरून सरकतो. जुन्या सायकलला हाच दोष होता आणि नव्या लांब डिरेलरला तोच जुना आऊटर लावून मी तो अजून ताणला होता. आऊटर बदलला, बिजागरापाशी तळहाताएवढी ढिलाई ठेवली.

ताईंनी एक चक्कर मारली, परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. आल्या त्या हसतच, "दादा, पायाला लागतंय आता." मी म्हटलं, थांबा, गिअर चौथ्यावर टाका आणि तुमच्या रोजच्या पद्धतीने घडी करा. त्यांनी ट्रेन पकडायची असल्यासारखी खटाखट घडी केली, उचलली, खाली ठेवली, उघडली. मी खाली बसून मागच्या चकत्यांकडे बघत होतो. चेन चौथीवरच होती.